तू न पाहिलेलं जबलपूर

भाऊ, तुझ्या अस्थी कुठे न्यायच्या यावर तुझं तेरावं व्हायच्या आतच सगळ्यांचं एकमत झालं. आपल्या माणसांचं इतक्या लवकर एकमत झालेलं तू उभ्या जन्मात पाहिलं नसशील. सावनेरला आमच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. हे, म्हणजे तुझे जावईबापू, म्हणाले, "रामटेक नको, कन्हान नको. भाऊचा जीव जबलपूरले गुंतला होता. आपण त्याले भेडाघाटले नेऊ, नर्मदेत सोडू." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हो गा," त्या म्हणाल्या, "ते चांदण्यातल्या नावेचं किती जीव लावून सांगे तो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दारावरच्या पाटीकडे पाहत बसले. आमच्या घराची ती पाटी तूच रंगवली होतीस.

आता गंमत बघ. आई-बाबा आधीच गेलेले, ओसरीवर सगळे माझ्या सासरचे; त्यांत माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं की तू जबलपूर कधी पाहिलेलंच नाहीस. ज्या दीड वर्षाला आपण 'जबलपूरची नोकरी' म्हणत आलो, ते दीड वर्ष तू नागपुरातच काढलंस, पागलखान्यात. मला तिथल्या तिथे तोंड उघडता आलं असतं. मी चहा टाकायला आत निघून गेले.

तू असतास तर म्हणाला असतास, "काहून नाही सांगतलं वं बेबी?" आणि मी तुझ्यावर उसळले असते. वीस-बावीस वर्षं आपलं हेच एक भांडण चाललं, कधी तोंडानं, कधी नुसतं डोळ्यांनी. आणि तू मध्येच उठून निघून गेलास. भांडण असं अर्ध्यावर टाकून जायची आपल्यात रीत नव्हती, भाऊ.

मी पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते स्वतःशीच एकदा नीट लावून पाहायचंय. मला अजून काही म्हणता काही उमगलेलं नाही.

तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतास, मी नववीत. बांगलादेशच्या लढाईच्या बऱ्याच आधीचा तो उन्हाळा. तुझी झोप गेली. महालातल्या आपल्या दोन खोल्यांत तू भर दुपारी खिडक्या लावून बसायचास आणि म्हणायचास, भिंतीपलीकडे लोक माझंच नाव घेऊन राहिले. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची गाय बांधलेली असे. आईनं आधी उतारे टाकले, मग दृष्टी काढली, मग नुसती रडत बसली. एका दुपारी बाबा तुला अंघोळीला चल म्हणून हाताला धरायला गेले आणि तू दाराचा अडसर उचललास. बाबांचा डावा कान त्या दिवशी गेला तो गेलाच. गल्लीला सांगितलं, बाबा न्हाणीत घसरले. दोन दिवसांनी तुला टांग्यातून नेलं. गल्लीला सांगितलं, पोराला जबलपूरला नोकरी लागली.

जबलपूरच का, हे तू मला पुढे एकदा विचारलं होतंस. बाबा सरकारी कचेरीतले कारकून, निव्वळ खोटं त्यांच्या जिभेवर चढत नसे. पागलखाना छिंदवाड्याच्या रस्त्यावर, आणि छिंदवाड्याहून छोट्या लाईनची गाडी पुढे जबलपूरला जाते. "म्हणजे दिशा तं बरोबर आहे," बाबा आईला म्हणाले. आई रडता रडता हसली, आणि हसल्याची लाज वाटून पुन्हा रडायला लागली.

मला तुझ्या भेटीला एकदाच नेलं. पिशवीत संत्री होती. तू अंगणात एका झाडाखाली बसला होतास, केस बारीक कापलेले, अंगातला सदरा तुझा नव्हता. बाबा डॉक्टरांशी बोलायला आत गेले आणि आपण दोघंच उरलो. मला तुझी भीती वाटत होती, भाऊ. हे कधी बोलले नाही. तू एक संत्रं सोललंस, फोडींवरचे धागे काढून काढून एकेक फोड माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकलीस, स्वतः एकही खाल्ली नाहीस. मग विचारलंस, "घरी काय सांगता?" मी म्हटलं, "जबलपूर." तू हातातली साल चुरगाळलीस. आणि मग म्हणालास, "तिथं कसं आहे वं?"

शेजारच्या काकूंच्या घरी एक कॅलेंडर होतं, त्यावर भेडाघाटचं चित्र होतं. माझं सगळं भांडवल तेवढंच. त्यावर मी तुला सांगत सुटले की तू चांदण्या रात्री नावेत बसलास, दोन्ही अंगांना दुधासारखे पांढरे दगड, नावाड्याला एकच डोळा, आणि तो सांगतो, आता बोलू नका, नदी झोपली आहे. तू मान वर करून ऐकत होतास. "मंग?" म्हणालास. मंग काय, मी आणखी सांगितलं. त्या उन्हाळ्यापासून तुझ्या तोंडावर कोणताच भाव राहिला नव्हता, त्या दिवशी मला थोडा दिसला. म्हणून विचारते भाऊ, ते खोटं होतं का गा? खोट्याला आणखी काही नाव असतं का? तू मोठा, तुला ठाऊक असायला हवं होतं.

तू परत आलास तेव्हा जबलपूर घरात तयार होतं. बाबांनी कचेरीतल्या एका जबलपूरवाल्याकडून मोहल्ल्यांची नावं काढून आणली होती आणि जेवताना ते तुझी उजळणी घेत. स्टेशनातून बाहेर पडलं की डावीकडे काय? नैनपूरला गाडी किती वेळ थांबते? कॉलेजच्या परीक्षेत तू असा कधी पास झाला नसशील. कॉलेज सुटलं ते सुटलंच; तू ब्रश हातात घेतलास, दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलास, पोळा जवळ आला की गल्लीतल्या पोरांना मिरवणुकीतले बडगे, म्हणजे कागदी पुतळे, रंगवून द्यायचास. आणि लग्नामुंजीत कोणी विचारलं की भेडाघाट सांगायचास. नावाड्याला तू एक खोकला दिलास, नदीला एक वास दिलास. मी ऐकत असे आणि मला वाटे, हा खरंच जाऊन तर आला नाही ना?

मग ते वर्ध्याचं स्थळ.

मुलगा बँकेत होता. पत्रिका जुळली होती, याद्या करायच्या तेवढ्या बाकी होत्या. आईनं आलूबोंडे तळले होते, संत्र्याची बर्फी आणली होती. आणि मुलाचे मामा निघाले जबलपूरचे. "अरे वा, किस मोहल्ले में थे?" त्यांनी तुला विचारलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. तू मात्र काय सुरेख सांगितलंस! मोहल्ला, बाजार, छोट्या लाईनवरचे बोगदे, सगळं. मामा मान डोलवत होते. भेडाघाटशी आलास तेव्हा तो मुलगाही हसून पुढे सरकून ऐकायला लागला. मामा म्हणाले, "बस, आप तो हमारे ही आदमी निकले." संपलं होतं, भाऊ. तू सुटला होतास, मी सुटले होते.

आणि तू कपबशी खाली ठेवलीस. "मामा," तू म्हणालास, "मी जबलपूर पाह्यलं नाही. मी इथंच होतो, पागलखान्यात. माहं डोकं फिरलं होतं. बाबांचा कान मीच फोडला. न्हाणीत कोणी पडलं नव्हतं."

आवाज अगदी साधा होता, दुकानदाराला पाटीचा रंग सांगावा तसा. खोलीत अशी शांतता पसरली की बाबांच्या डाव्या कानालाही ती ऐकू गेली असावी. पाहुणे चांगल्या घरचे होते. त्यांनी चहा संपवला, आईला नमस्कार केला, गेले. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

तो मुलगा मला आवडला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आईलाही नाही. तो हसताना हातानं तोंड झाकायचा, एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक आहे. आता इतक्या वर्षांनी त्याचं काही नाही, माझा संसार चांगला आहे. पण तुझ्यापाशी हिशेब चुकता करायचा तर तेवढं सांगायला हवं.

मला सगळ्यात राग कशाचा आला, ठाऊक आहे? पाहुणे गेले, आई चुलीपाशी तोंड झाकून बसली, बाबा टोपी घालून उगाच बाहेर निघून गेले, आणि तू पाहुण्यांच्या बशा पुढ्यात ओढून राहिलेले आलूबोंडे खायला बसलास. एकामागून एक. "बेबी," तू म्हणालास, "मले लय भूक लागली वं. किती वर्षांत अशी लागली नव्हती." मी बर्फीची ताटली उचलून मोरीत फेकली. तू ती वाया गेली म्हणून हळहळलास आणि उरलेला आलूबोंडा तोंडात घातलास. आणि मग भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या टाकून, घोरत पडलास.

दुसऱ्या दिवशी मी तुला जिन्यात गाठलं. म्हटलं, "मामानं मान्य केलं होतं. कोणी विचारलं होतं तुला? काहून बोलला?"

तू पायरीवर बसलास. "त्यानं मान्य केलं, म्हणूनच तं भेव वाटलं वं," तू म्हणालास. "जबलपूरचा माणूस जबलपूर मान्य करून राहिला. म्हणजे आता मी खरंच तिथं होतो. मंग पागलखान्यात झाडाखाली बसला होता तो कोण? त्याले कोणीच ओळख दिली नाही. तो तिथंच राहून जाईन. मले त्याले घरी आणायचं होतं."

"माझ्याच पाहण्याच्या दिवशी?" मी म्हटलं.

आपलं भांडण त्या पायरीवर थांबलं, ते आजवर तिथंच आहे. तुझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं आणि माझंही, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर कसं असतं, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही.

मी तुझ्याशी पुढल्या पोळ्यापर्यंत बोलले नाही. न बोलता पाहत मात्र होते. बाबा बदलले. आजवर ते डावीकडून कोणी बोललं की उगाच मान हलवून वेळ मारून नेत. आता भाजीवाल्यालाही सांगायला लागले, "इकडच्या कानात बोल गा बाबू, तो पोरानं निकामी केला," आणि वर हसायचे. काही माणसं आपल्याकडे यायची बंद झाली. दुसरी काही, चपला हातात घेतल्यासारखी, हळूच यायला लागली. कोणाचा भाऊ, कोणाची सून. तू ब्रश बाजूला ठेवून त्यांच्यासोबत सायकलनं पागलखान्यापर्यंत जायचास, म्हणायचास, घाबरू नका, मी राहिलो आहे इथं.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मारबत निघाली. दरवर्षी आपल्या दारावरून मारबतीचा तो अवाढव्य पुतळा जाई, लोक ओरडत, इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! आणि आई दाराच्या फळीआड उभी राहून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे. त्या वर्षी ती रस्त्यात उतरली. सगळ्या गल्लीसमोर, पदर खोचून, गळा फाडून ओरडली, "माह्या पोराचं येड घेऊन जा गे मारबत!" लोक वळून पाहायला लागले. तू गर्दीतून पुढे आलास, हाताला पिवळा रंग लागलेला, आणि तिचा खांदा धरून म्हणालास, "सगळं नको देऊ वं आई, थोडं राहू दे. माहंच आहे ते." आई हसली. गल्ली हसली. मीही हसले, आणि म्हणून मला तुझ्याशी बोलावं लागलं.

पाहा ना, घर मोकळं झालं. बाबा झाले, आई झाली, तू तर झालाच होतास. फक्त मीच एकटी राहिले होते, अंगावर लग्नाचं वय आणि गल्लीभर झालेली गोष्ट घेऊन. एकाच्या मोकळं होण्याचं मोल दुसऱ्यानं द्यायचं असतं का? मला खरंच ठाऊक नाही. मी कधी म्हणते, तू स्वार्थी होतास. कधी म्हणते, आमच्यात धीराचा तूच एक. जेवण करताना एक म्हणते, भांडी घासताना दुसरं.

दोन वर्षांनी सावनेरचं स्थळ आलं. मी तुझ्यापाशी आले. तू एका शिंप्याची पाटी रंगवत होतास. मी म्हटलं, "या वेळी बोलू नको." तू ब्रश थांबवला नाहीस. "आणि विचारलं तं?" मी म्हटलं, "जबलपूर." तू एक अक्षर पूर्ण केलंस, ब्रश तेलात बुडवला, पुसला. "बरं," म्हणालास.

बरं! एवढंच. आणि नुसता तूच नाही. आईनं गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून काय सांगितलं कोण जाणे, माझ्या लग्नात अख्खी गल्ली तुझ्यासोबत पुन्हा जबलपूरला गेली. ज्या काकूंनी मारबतीच्या दिवशी आईचं ओरडणं ऐकलं होतं, त्याच माझ्या सासूबाईंना सांगत होत्या, "हो वं माय, जबलपूरले मोठी नोकरी होती त्याची, पण आईबापासाठी सोडून आला." मी मान खाली घालून बसले होते. नव्या नवरीनं मान खालीच घालायची असते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

मग भाऊबीज. दर भाऊबीजेला तू सावनेरला यायचास, मी ओवाळायची, आणि जेवणं झाली की सासूबाई म्हणायच्या, "भाऊ, ते नावेचं होऊन जाऊ द्या." साऱ्या नागपुरात तू खरं बोलत फिरायचास, पानठेल्यावर, दवाखान्यात, कोणीही विचारलं तरी. फक्त माझ्या घराच्या उंबरठ्यावर चपला काढताना तू ते खरंही काढून ठेवायचास. आणि आत येऊन एका डोळ्याचा नावाडी सांगायचास, जीव ओतून, माझ्याकडे न पाहता. सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या. त्यांनी सावनेरच्या पलीकडे फारसं काही पाहिलेलं नाही. त्यांच्या जन्मातला तो एक प्रवास होता.

शेवटच्या भाऊबीजेला तू पाटावर बसला होतास. कुंकू लावायला मी वाकले तेव्हा तू हळूच म्हणालास, "बेबी, आता सांगून टाकू का वं? तुहे पोरं मोठे झाले. जावई चांगला माणूस आहे. मले इथं येऊन फार थकल्यासारखं होते." मी तुझ्या कपाळावर अक्षता दाबल्या, जरा जोरातच. म्हटलं, "आता कशाला? चाललंय ना चांगलं."

"बरं," तू म्हणालास. आणि त्या दिवशी तू जेवला नाहीस नीट. श्रीखंड तसंच टाकलंस. मी म्हटलं, वय झालं, भूक मेली. मला आठवायला हवं होतं भाऊ, तुझी भूक कशानं मरते ते. मी ते आठवू दिलं नाही.

असा तू गेलास. आणि आम्ही तुला घेऊन निघालो.

सावनेरला सकाळच्या छोट्या लाईनच्या गाडीत बसलो. मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्या मांडीवर. सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या, म्हणाल्या, "त्या एक डोळ्यावाल्याची नाव भेटते का पाहजो." गाडी सुटली तेव्हाच सांगायचं असं मी ठरवलं होतं. हे खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनाला म्हणत होते, "हे पाहा, भाऊ इथूनच गेला असन." बोगदा आला. "बोगद्याचं तो सांगे ना?" मडक्याचं तोंड तर बांधलेलं होतं. मला वाटलं, याला मी आता गेल्यावरही जबलपूर बोलायला लावते आहे.

छिंदवाड्याला गाडी बदलायची होती. फलाटावर बाकावर बसलो आणि मी सांगितलं. तुझ्यासारखं नाही जमलं मला. तू चार वाक्यांत मोकळा झालास. मी मामापासून सुरू केलं, मग मागे गेले, मग कॅलेंडर, मग गाय, मग रडले. यांना आधी वाटलं, मी दुःखानं बरळते आहे. मग समजलं. आणि तोंड उतरलं.

"तो माह्याशी बी खोटंच बोलत होता?" ते म्हणाले. "दरसाली?"

"मी बोलायला लावलं," मी म्हटलं. "तो तर सांगायला निघाला होता."

"मी काय केलं असतं वं? तुले घराबाहेर काढलं असतं?"

काय केलं असतं यांनी? लग्नाआधी सांगितलं असतं तर कदाचित पत्रिका जुळली नसती. लग्नानंतर सांगितलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. मी त्या काहीच-न-होण्याला इतकी वर्षं घाबरत होते का? ते उठले आणि फलाटावरून चालत निघून गेले. पाठमोरे दिसेनासे झाले. मी मडकं धरून बसले. मनात आलं, गेले परत सावनेरला, बरोबरच आहे. वर्ध्याचे पाहुणे गेले तेव्हा तुला काय वाटलं असेल, ते मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा हातात पुडकं होतं. ते माझ्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून बसले. मडक्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग तं न्यायलेच पाहिजे त्याले. त्यानं पाह्यलंच नाही ना अजून."

पुडक्यात आलूबोंडे होते. आता मी तुला शपथेवर सांगते भाऊ, मी मुद्दाम काही केलं नाही. मांडीवर भावाचं मडकं, डोळ्यांना धार, आणि पोटात अशी भूक उसळली की मी सगळे आलूबोंडे संपवले. यांच्या वाट्याचेही. हे माझ्याकडे पाहतच राहिले. "काय झालं वं तुले?" म्हणाले. मी काय सांगणार? मी मनात तुला शिव्या घालत होते आणि खात होते.

मी मोकळी झाले का? तुला वाटेल, झाली. मला नाही सांगता येत. हे पुढच्या सबंध गाडीत माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. सासूबाईंना काय सांगायचं ते अजून आमचं ठरलेलं नाही. त्यांचा एकुलता एक प्रवास त्यांच्याकडून काढून घ्यायचा का, हा प्रश्न तुलाही सुटला नसता. तू खरं बोललास म्हणून माझं एक लग्न मोडलं. तू माझ्यासाठी खोटं बोललास म्हणून माझं दुसरं लग्न टिकलं, असं मी धरून चालले. ते तरी खरं होतं का, कोणास ठाऊक. या दोन्हींपैकी कशासाठी तुझ्या पाया पडू आणि कशासाठी भांडू, याची माझी गफलत होते आहे, आणि तू उत्तर द्यायला नाहीस.

पण नावेतलं तुला सांगायचं राहिलं.

भेडाघाटला आम्ही उन्हाच्या वेळी पोचलो. चांदणं नाही, काही नाही. दगड पांढरे आहेत, पण दुधासारखे नाहीत. मधूनमधून काळे, पिवळे, शेवाळलेले, माणसांनी नावं खरडून ठेवलेले. मी सांगितलं होतं तसं काहीही नव्हतं. पाणी मात्र खोल हिरवं होतं, ते तुला आणि मला दोघांनाही सुचलं नव्हतं. नावाड्याचे दोन्ही डोळे शाबूत होते. त्यानं मला हात देऊन नावेत घेतलं, मडकं पाहिलं, आणि काही न विचारता नाव जरा आत नेली. मग सवयीनं त्यानं विचारलं, "पहली बार आए हैं, बाबूजी?"

मी यांच्याकडे पाहिलं. छिंदवाड्यापासून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एक हात माझ्या मांडीवरच्या फडक्यावर ठेवला.

"हां भैया," ते म्हणाले, "तीनों पहली बार."

नावाड्यानं मागे वळून आम्हाला मोजलं, आणि वल्हं पाण्यात घातलं.